बुधवारच्या नसा

“मॅडम, ये ट्रेनिंग अब बंद कर देते हैं.”

आमच्या लॅबच्या डॉक्टर साहेबांनी माझ्या टेबलावर ट्यूबांचा रॅक ठेवला. ठेवला कसला, आदळलाच. माझा पोह्यांचा घास तोंडातच राहिला. रॅकमध्ये पाच ट्यूब होत्या आणि पाचही खराब होत्या.

“पाँच में चार हरी फीत वालों के हैं,” ते म्हणाले. “इतना सिखाने का फायदा क्या हुआ?”

आधी खराब म्हणजे काय ते सांगते. नसेतून काढलेलं रक्त ट्यूबमध्ये थोडं गोठू द्यायचं, मग मशीनमध्ये गरागरा फिरवायचं. लाल पेशी खाली बसतात आणि वर फिकट पिवळं पाणी येतं, वरणाच्या वरच्या निवळीसारखं. तपासणी त्या पाण्याची होते. पण नस शोधत सुई आतल्या आत फिरवत बसलं, किंवा ट्यूब जोरात हलवली, की लाल पेशी फुटतात आणि ते पाणी गुलाबी होतं. याला आमच्याकडे ‘सॅम्पल हिमोलाईज झालं’ म्हणतात. तसंच ते मशीनला दिलं तर पोटॅशियम उगाच वाढलेलं दिसतं आणि धडधाकट माणूस सीरियस ठरतो. म्हणून ते फेकायचं आणि पेशंटला पुन्हा टोचायचं. पुन्हा टोचायला गेलेल्या माणसाला पाणीसुद्धा कोणी विचारत नाही.

आणि हिरवी फीत म्हणजे वंदना ढोकेच्या हाताखालून गेलेली माणसं. वंदना मूळची भंडाऱ्याकडची. मोठ्या हॉस्पिटलच्या वॉर्डात तिनं बरीच वर्षं काढली. ती नोकरी सोडून आमच्या लॅबमध्ये आली, ती रक्त काढणं शिकवायला. दोन दिवसांचा वर्ग. रबरी हातावर सराव, मग एकमेकांच्या हातावर, मग परीक्षा. पास झालेल्याच्या आयकार्डला ती स्वतः हिरवी फीत लावून द्यायची. घरोघरी जाऊन सॅम्पल आणणारी आमची सहा माणसं. त्यातल्या तिघांना फीत मिळाली होती, तिघांची पाळी यायची होती.

राहिले मी. मी रेल्वेतून रिटायर झालेली बाई. वडीलही रेल्वेतच, नागपूरहून रायपूरला आले आणि तात्यापाऱ्यात, इथल्या मराठी वस्तीत, घर केलं. मी सांख्यिकी शाखेत होते. म्हणजे मालगाड्या किती लेट, वॅगनी किती रिकाम्या, हे मोजायचं काम. रिटायर झाल्यावर सहा महिने घरी बसले आणि सुनेच्या डब्यातल्या डाळी मोजायला लागले, तेव्हा सून हात जोडून म्हणाली, “आई, कहीं बाहर काम देख लो ना.” म्हणून शंकर नगरच्या या लॅबमध्ये आले. आठवड्यातून चार दिवस. टेबलावर पाटी आहे, ‘क्वालिटी अँड डेटा’. लोक मला मेश्राम मॅडम म्हणतात, पाठीमागे काय म्हणतात ते मी विचारत नाही.

तर पाचात चार. डॉक्टर साहेब हुशार माणूस आहे, पण आकड्यांच्या बाबतीत उतावळा. मी लॅबमध्ये बहुतेकांशी हिंदीतच बोलते, इथे मराठीत लिहिते.

“साहेब, तुम्ही उलटा प्रश्न विचारताय,” मी म्हटलं. “खराब ट्यूबांमध्ये फीतवाल्यांच्या किती, हे नाही विचारायचं. फीतवाल्यांनी आणलेल्या ट्यूबांमध्ये खराब किती, हे विचारायचं.”

“एक ही बात है.”

“एक कशी? छत्तीसगढमध्ये सर्दी झालेल्या शंभर जणांना विचारा, शंभरही भात खाणारे निघतील. म्हणून काय भातानं सर्दी होते?”

साहेब हसले. त्यांना रोज दोन्ही वेळ भात लागतो. “तो आप निकालिए, सही वाला,” ते म्हणाले आणि रॅक घेऊन गेले.

याला आमच्या शास्त्रात सशर्त संभाव्यता म्हणतात. नाव मोठं आहे, मामला छोटा आहे. नुसतं ‘किती खराब’ असं न विचारता ‘अमुक असेल तर किती खराब’ असं विचारायचं. सगळी गंमत त्या ‘तर’च्या आधी काय ठेवता त्यात आहे. रेल्वेत मी हे जन्मभर केलं. गाडी लेट किती वेळा, हा एक प्रश्न. धुकं असेल तर किती वेळा, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर घेऊन दुसऱ्याचं म्हणून सांगितलं की आमचे जुने साहेब फाईल फेकून मारायचे.

मी कॉम्प्युटरवरून मागच्या महिन्याचं काढलं. फीतवाल्यांचे दोनशे सॅम्पल घेतले, बिनफीतवाल्यांचे दोनशे. फीतवाल्यांच्या दोनशेत सोळा खराब, म्हणजे शंभरात आठ. बिनफीतवाल्यांच्या दोनशेत दहा, म्हणजे शंभरात पाच.

मी दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा चष्मा पुसून मोजलं. आठ आणि पाच. शिकलेल्यांचं काम न शिकलेल्यांपेक्षा वाईट! मला नवल वाटलं, पण खरं सांगते, थोडा अभिमानही वाटला. बघा, प्रश्न सुलटा विचारला आणि उत्तर काढून दाखवलं. एका पानाचा रिपोर्ट केला, खाली झोकात सही ठोकली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवून घरी गेले.

साहेबांना तेच हवं होतं. दुसऱ्या दिवशी कागद निघाला. महिनाअखेरीपासून ट्रेनिंग बंद, ट्रेनरचं पद बंद, आणि हिरव्या फिती परत जमा करायच्या. म्हणजे वंदनाची नोकरी गेली. माझ्या सहीनं गेली.

दुपारी मी डबा उघडला तेवढ्यात वंदना आली. भांडायला आली असती तर बरं झालं असतं, मी भांडणात कोणाला ऐकत नाही. ती खुर्चीच्या टोकावर बसली.

“मॅडम, तुमचा आकडा खोटा हाये असं मी म्हणत नाही,” ती म्हणाली. “तुमी शिकलेल्या, रेल्वेतल्या. फक्त एक सांगा मले. माह्या शिकवण्यानं लोकायचे हात जास्त खराब होऊन राहिले का?”

“तसं नाही गं वंदना...”

“मंग कसं? कागदावर तर तसंच लिहून हाये. नोकरी जाईन तर जाईन, दुसरी पाहून घेईन. पण मी इतके वर्षं ज्याले चांगलं समजत होती, ते वाईट होतं का, एवढंच सांगा.”

मी डब्याच्या झाकणाशी चाळा करत बसले. ती उठून गेली. मी डबा तसाच बंद केला. मला फार वाईट वाटलं, आणि स्वतःचा रागही आला. पस्तीस वर्षांत माझ्या आकड्यानं एखादी मालगाडी उशिरा सुटली असेल, माणूस कधी घरी बसला नव्हता. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं मी पेन उचललं आणि कागदाला लावलं होतं. कॉम्प्युटर पाहिला, रक्त काढणारा एक हात नाही पाहिला. रेल्वेतसुद्धा आम्ही यार्डात जाऊन वॅगनी डोळ्यानं मोजायचो.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी हेमिनच्या स्कूटीवर मागे बसले. हेमिन इथली छत्तीसगढी पोट्टी, वंदनाची पहिली विद्यार्थिनी, आणि खराब सॅम्पलच्या यादीत सगळ्यात वर नाव हिचंच. फीत तिनं काढून पर्समध्ये ठेवली होती.

“जमा नहीं की?” मी विचारलं.

“हव मॅडम, करूंगी,” ती म्हणाली. “महीना खतम होने तक तो मेरी है ना?”

पुरानी बस्तीत स्कूटी एका गल्लीच्या तोंडाशी लावून आम्ही पायी आत गेलो. पहिल्या घरी खाटेवर एक म्हातारी बसली होती. मनगट इतकं बारीक की माझ्या दोन बोटांच्या कडीत मावलं असतं. आम्हाला पाहताच तिनं दोन्ही हात लुगड्याखाली लपवले.

“झन डर्रा दाई, हाथ ला दे तो,” हेमिन म्हणाली. घाबरू नको, हात दे. दाई म्हणजे आई.

दाई हात देईना. हेमिननं सुई काढलीच नाही. आधी पाणी मागितलं, अर्धं दाईला पाजलं. मग एका फडक्यावर गरम पाणी ओतून, पिळून, ते दाईच्या कोपराला गुंडाळलं आणि गप्पा मारत बसली. सून कुठली, नातू कितवीत, तांदळाचा फरा कोणाच्या हातचा चांगला. फडकं काढलं तोवर हातावर एक निळी रेघ वर आली होती. स्पिरिट लावलं, वाळू दिलं, पट्टा बांधला, बोटानं चाचपलं आणि सुई लावली. एका टोचण्यात काम झालं. ट्यूब तिनं हलवली नाही, नुसती हळूहळू उलटी-सुलटी केली. हे सगळं वंदनाच्या वर्गातलं होतं.

दाई खूश झाली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, “ओ दिन के टूरा ह तीन बार सूजी गोभिस!” त्या दिवशीच्या पोऱ्यानं तीनदा सुई टोचली.

“कौन सा दिन, दाई?” मी विचारलं. जुनी सवय. रेल्वेत कोणी ‘त्या दिवशी’ म्हणालं की आम्ही तारीख मागायचो.

दाईनं बोटावर मोजलं. सून बुधवारी बजारला गेली होती, घरात कोणी नव्हतं, म्हणून पक्कं आठवतं. बुधवार होता.

बाहेर आल्यावर मी हेमिनला विचारलं, “बुधवारी तू काहून नाही आली गं?”

“बुधवार को सुबह वंदना दीदी की क्लास रहती है ना, दूसरे सेंटर वालों की. हम तीनों फीत वाले उधर हेल्प करते हैं. हाथ पकड़ के दिखाते हैं.”

“मग बाकी दिवशी दाईकडे तूच येते?”

“हव. मनीष भैया भेजते हैं. कठिन वाले सब हम तीनों को ही देते हैं.”

मी गल्लीतच थांबले. “सगळे? कठीण नस असलेले सगळे?”

“हव मॅडम. आपको नहीं पता?”

नव्हतं पता. आख्ख्या लॅबला ठाऊक होतं, झाडूवालीला ठाऊक होतं, ‘क्वालिटी अँड डेटा’ला नव्हतं.

मनीष बोरकर म्हणजे आमच्या फोनवर बसणारा. घर अमरावतीचं, जन्म रायपूरचा. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीतच येतं. त्याच्याजवळ एक लांब रजिस्टर असतं. फोन आला की आधी त्यात लिहायचं, कोणी जायचं ते ठरवायचं, मग कॉम्प्युटरवर टाकायचं. त्याची आपली एक पद्धत होती. फोनवर वय विचारायचा, पूर्वी नस सापडायला त्रास झाला का विचारायचा. खूप म्हातारं माणूस, लहान लेकरू, मोठ्या आजाराची औषधं चालू असलेला पेशंट असला की लाल पेननं नावापुढे लिहायचा, ‘संभाल के’. ज्याच्यापुढे ‘संभाल के’, तो फीतवाल्याकडे. बुधवारी फीतवाले नसत, म्हणून बुधवारचे ‘संभाल के’ बिनफीतवाल्यांकडे.

ही लाल अक्षरं कॉम्प्युटरवर कधी चढलीच नव्हती. तिथे तो रकानाच नव्हता.

“काहून रे मनीष, मले हे काहून नाही सांगितलं?” मी ओरडले.

“आपने पूछा ही नहीं, मॅडम.”

मी त्याच्या हातातून रजिस्टर ओढलं आणि माझ्या टेबलावर घेऊन गेले. तो मागून ओरडत राहिला, “मॅडम, फोन आएगा तो मैं कहाँ लिखूँ?” मी म्हटलं, तळहातावर लिही.

तेच चारशे सॅम्पल मी पुन्हा घेतले. या वेळी आधी दोन ढीग केले, लाल पेनवाले कठीण आणि बाकीचे सोपे. मग प्रत्येक ढिगात फीत आणि बिनफीत वेगळे केले.

फीतवाल्यांच्या दोनशेपैकी दीडशे कठीण होते. बिनफीतवाल्यांच्या दोनशेपैकी कठीण फक्त तीस, आणि ते सगळे बुधवारचे. म्हणजे एकाला खडकाळ वावर दिलं, दुसऱ्याला काळीभोर जमीन दिली, आणि मी बांधावर उभी राहून विचारत होते की खडकवाल्याचं पीक कमी काहून?

आता खराब किती ते पाहा. कठीण नसांमध्ये फीतवाल्यांच्या दीडशेत पंधरा खराब, म्हणजे शंभरात दहा. बिनफीतवाल्यांच्या तिसांत सहा, म्हणजे शंभरात वीस. दुप्पट! सोप्या नसांमध्ये फीतवाल्यांच्या पन्नासात एक, बिनफीतवाल्यांच्या एकशे सत्तरात चार. शंभरात दोन आणि शंभरात दोनच्या जरा वर. जवळपास बरोबरी.

कठीण ढिगात फीतवाले चांगले, सोप्या ढिगात बरोबरीचे, आणि दोन्ही ढीग एकत्र केले की तेच वाईट. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा हातचलाखीचा खेळ वाटतो. पण बेरीज करून बघा, पंधरा आणि एक सोळा, सहा आणि चार दहा. माझा पहिला आकडा खोटा नव्हताच. तो चुकीच्या प्रश्नाचं खरं उत्तर होता. साहेबांना मी मोठ्या तोऱ्यात उलटा प्रश्न दाखवला होता आणि पुढच्याच खड्ड्यात स्वतः पडले होते.

मी वंदनाला हाताला धरून साहेबांच्या केबिनमध्ये नेलं. ती येत नव्हती. “आता काय होते मॅडम, जाऊ द्या ना,” म्हणत होती. मी म्हटलं, तू नुसती उभी राह्य, बोलायचं काम माझं आहे.

साहेबांनी सगळं ऐकलं आणि पहिलीच शंका नेमकी काढली. “सॅम्पल खराब हो गया तो बाद में कोई भी बोल देगा, नस कठिन थी.”

“म्हणूनच तर रजिस्टर आणलं,” मी म्हटलं. “हे लाल अक्षर फोनवर लिहिलेलं आहे, सुई लागायच्या आधी. तेव्हा सॅम्पल खराब होईल की चांगलं, मनीषला काय माहीत? नंतर लिहिलं असतं तर मी या कागदात भजे बांधले असते.”

साहेबांनी रजिस्टर उलटून पाहिलं. वेळा लिहिलेल्या होत्या. मग ते म्हणाले, “ठीक. लेकिन पक्का करना है तो दो हफ्ते टॉस करके बाँट देते हैं. हेड आया तो फीत वाला, टेल आया तो दूसरा.”

शास्त्राच्या दृष्टीनं त्यांचं बरोबर होतं. नाणं पेशंटचं तोंड पाहून पडत नाही. मी हो म्हणणारच होते, पण नुसतं उभं राहायला सांगितलेली वंदना उसळली. “सर, त्या दाईचा हात हाये तो, क्रिकेटचा टॉस नाही! तुमच्या आईले टॉस करून टोचू देसान का?”

साहेबांची आई ऐंशीच्या पुढची आहे आणि तिचं सॅम्पल दर महिन्याला वंदनाच घेते.

तेव्हा मला सुचलं. “साहेब, टॉस करायची गरजच नाही. तो होऊन गेला आहे. दर बुधवारी होतो.”

“मतलब?”

“बुधवारी फीतवाले नसतात, ते वर्ग आहे म्हणून. पेशंट सोपे-कठीण आहेत म्हणून नाही. आणि आज बुधवार आहे हे दाईच्या नसेला माहीत नसतं. मंगळवारी बारीक असलेली नस बुधवारी जाड होत नाही.”

याला स्वतंत्र असणं म्हणतात. एका गोष्टीची खबर लागली तरी दुसरीबद्दलचा अंदाज जागचा हलत नाही, तेव्हा त्या दोन गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्र. वार आणि नस स्वतंत्र आहेत, म्हणून बुधवारच्या कठीण नसा आणि इतर दिवसांच्या कठीण नसा आपण शेजारी ठेवून तोलू शकतो. सोप्या नसांचंही तसंच. हात सोपा असेल तर घेणाऱ्याला फीत आहे की नाही हे कळून सॅम्पल खराब होण्याचा अंदाज फारसा बदलत नाही.

“लेकिन तीस ही हैं,” साहेब म्हणाले. आता त्यांना मजा येत होती. “तीस में छह. दो इधर-उधर हो गए तो?”

ही शंकाही वाजवी होती. तीस म्हणजे फार नाहीत. मी दोन दिवस बसून तीन महिन्यांची रजिस्टरं उपसली. सगळे बुधवार काढले, सगळी लाल अक्षरं मोजली, प्रत्येकापुढे कॉम्प्युटरवरून निकाल लिहिला. बुधवारच्या नव्वद कठीण नसांत सतरा खराब. इतर दिवसांच्या साडेचारशेत सत्तेचाळीस. फरक तसाच उभा होता, जवळपास दुप्पट.

साहेबांनी तो कागद वाचला, माझा पहिला रिपोर्ट ड्रॉवरमधून काढला आणि फाडायला घेतला. मी त्यांचा हात धरला. “फाडू नका. दोन्ही एकत्र स्टेपल करून फाईलला लावा. माझी सही दोन्हीवर आहे.” मग सगळ्या स्टाफसमोर मी वंदनाला म्हटलं, “चूक तुझ्या शिकवण्यात नव्हती गं, माझ्या मोजण्यात होती. मला माफ कर.”

मला वाटलं, आता ही रडते. वंदनानं डोळ्याला पदर लावला खरा, पण म्हणाली काय, “त्या दिवशी डबा नाही खाल्ला ना तुमी? मी पाह्यलं होतं जाता जाता. चला, आज माह्यातला खा.” त्या दिवशी तिच्या डब्यात झुणका होता. इतका चांगला झुणका मी तात्यापाऱ्यातही खाल्ला नव्हता.

ट्रेनिंग राहिलं, वंदना राहिली. हेमिननं पर्समधून फीत काढली आणि आरशात पाहून पुन्हा लावली. बुधवारचा उपाय इतका सोपा निघाला की आम्हालाच लाज वाटली. घरोघरची सॅम्पल उपाशीपोटी सकाळी घ्यायची असतात, आणि वर्गही आम्ही सकाळीच ठेवला होता. तो दुपारी तीनला केला. बस. साहेब आता दुसऱ्या टोकाला गेले होते, म्हणाले, सबको ट्रेनिंग दो, चौकीदार को भी. मी म्हटलं, थांबा. रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलं आहे, सोप्या नसेला फीत असली काय, नसली काय, फरक नाही. कठीण नसेवर जाणाऱ्यांना आधी शिकवा, बाकीच्यांना सवडीनं. त्यांनी मान्य केलं आणि ते वाक्य मोठ्या अक्षरात छापून मनीषच्या टेबलासमोर लावलं.

ते वाक्य माझ्यावर शेकायला महिनाही लागला नाही. माझ्या शुगरची तपासणी करायची होती. सकाळी घरून मनीषला फोन लावला आणि म्हटलं, “हेमिनला पाठव रे.”

“मॅडम, आपकी नस तो बढ़िया है,” मनीष म्हणाला. “दूर से दिखती है.”

“म्हणून काय झालं? फीतवाली पाठव.”

“आसान नस में फीत से फर्क नहीं पड़ता. आपका ही लिखा है, सामने टँगा है. हेमिन दीदी को पुरानी बस्ती जाना है, दाई के यहाँ. आपके यहाँ संतोष आएगा.”

संतोष म्हणजे तोच, दाईला तीनदा टोचणारा. त्याला अजून फीत मिळाली नव्हती. मी फोनवर पाच मिनिटं भांडले. मनीष शांतपणे माझंच वाक्य मला वाचून दाखवत राहिला, आणि आमची सून स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत राहिली.

संतोष आला. मी हात पुढे केला, डोळे घट्ट मिटले आणि मनातल्या मनात एकशे सत्तरात चार, एकशे सत्तरात चार असं म्हणत बसले. एका टोचण्यात झालं. दुपारी लॅबमध्ये जाऊन ट्यूब पाहिली, पाणी स्वच्छ पिवळं होतं. शुगर मात्र वाढलेली निघाली, त्याचा दोष संतोषला देता येत नाही.

तेव्हापासून कोणताही रिपोर्ट लिहिला की सही करायच्या आधी मी स्वतःला विचारते, हा माझ्याच हाताला लावला तर चालेल का? सही करायला हल्ली जरा वेळ लागतो.